रुपेरी पडद्यावरील विडंबन

मराठी वाचकाची विडंबनाशीं ओळख झाली ती मुख्यतः कवितेच्या द्वारें. ‘केशवकुमार’ या टोपणनांवानें आचार्य अत्र्यांनीं ‘झेंडूचीं फुलें’ लिहिलीं आणि समकालीन कवींच्या लकबी अशा नेमक्या पकडल्या, कीं तेव्हांपासून विडंबन म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें कविताच उभी राहते. वास्तविक पाहतां या कलेला कवितेहूनहि सुपीक अशी जमीन चित्रपटाची आहे. कविता एकटा माणूस लिहितो. रूढ साचा मोडावयाचा तर त्याला पदरचें फारसें कांहीं घालावें लागत नाहीं. चित्रपटाला भांडवल लागतें, आणि भांडवल स्वभावतःच भित्रें असल्यामुळें एक चित्र चाललें कीं त्याच वळणाचीं दहा चित्रें बाहेर पडतात. नायकानें नायिकेला कोठें भेटावें, तिनें कसें रुसावें, खलपुरुषानें केव्हां गडगडून हंसावें, याचे संकेत ठरून जातात. संकेत शिळे झाले म्हणजे विडंबनाचें बीं रुजावयास वेळ लागत नाहीं.

असें असूनहि विनोदी चित्रपटांविषयीं बोलतांना आपण फार्स, प्रहसन, उपरोध आणि विडंबन यांना एकाच पंक्तीला बसवितों, आणि ‘पोट धरून हंसलों’ एवढ्या एका अभिप्रायावर सर्वांची बोळवण करतों. हंसणें ही विडंबनाची खूण खरी, पण ती त्याची कसोटी नव्हे. पाय घसरून पडणाऱ्या माणसालाहि लोक हंसतात. चांगलीं विडंबनपर चित्रें कोणतीं, तीं चांगलीं कां, आणि त्यांच्याच नांवावर खपणारा दुसरा माल त्यांहून वेगळा कसा, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

विचाराला आरंभ शब्दापासूनच करणें सोयीचें होईल. ‘विडंबन’ आणि ‘विटंबना’ हे शब्द मराठींत आज अगदीं निराळ्या अर्थांनीं वावरत असले तरी त्यांचें मूळ एकच आहे. संस्कृतांतील ‘विडंबन’ या शब्दांत अनुकरण करणें, सोंग घेणें हाहि अर्थ आहे आणि उपहास करणें, मानखंडना करणें हाहि आहे. मराठीनें या दोन अर्थांना दोन स्वतंत्र घरें बांधून दिलीं, आणि त्यांत आपल्या भाषेचा मोठाच विवेक दिसून येतो. विडंबनांत हंसण्याचा विषय एखादें ढोंग, एखादा पोकळ डौल किंवा निर्जीव झालेला संकेत असतो. विटंबनेंत तो विषय माणूस असतो, आणि बहुधा उलट उत्तर देऊं न शकणारा माणूस असतो. घरें दोन झालीं, पण भिंत मधली एकच आहे. विनोद करणारा मनुष्य या घरांतून त्या घरांत केव्हां जातो हें त्याला स्वतःलाहि पुष्कळदां कळत नाहीं.

आपल्या साहित्यशास्त्रानें या कलेचें मर्म फार पूर्वीं ओळखलें होतें. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत हास्याची उत्पत्ति शृंगारापासून सांगितली असून शृंगाराच्या अनुकृतीलाच हास्य म्हटलें आहे. अभिनवगुप्तानें हा विचार आणखी रुंद केला. केवळ शृंगारच नव्हे, कोणताहि रस खरा नसून त्याचा नुसता आभास असला, कीं त्याचें पर्यवसान हास्यांत होतें, असा त्याचा आशय आहे. शौर्याचा आव आणणारा भित्रा, वैराग्याची भाषा बोलणारा लोभी, शोकाचें प्रदर्शन मांडणारा कोरडा मनुष्य, हे सारे हास्याचे विषय कां होतात याचा उलगडा या एका सूत्रानें होतो. विडंबनकार नवें असें कांहीं निर्माण करीत नाहीं. जें खोटें अगोदरच समोर आहे त्याची तो अशी हुबेहूब प्रतिकृति करतो, कीं तिच्या शेजारीं ठेवतांच मूळ वस्तूचा खोटेपणा उघडा पडावा.

प्रभात कंपनीच्या ‘माणूस’ (१९३९) या चित्रांतील एका लहानशा प्रसंगांत हें तत्त्व फार सुंदर रीतीनें उतरलें आहे. व्ही. शांताराम यांनीं दिग्दर्शित केलेलें हें चित्र एकंदरींत विनोदी नव्हे. गणपत हा पोलीस शिपाई आणि मैना ही कोठ्यावर गाणारी स्त्री यांच्या प्रेमाची ती करुण कथा आहे. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांनीं त्या भूमिका केल्या. कथेच्या ओघांत मध्येंच एका चित्रपटाच्या चित्रीकरणाचा प्रसंग येतो, आणि तेथें ‘बाँबे टॉकीज’च्या धाटणीचें एक प्रेमगीत गाइलें जातें. त्या संस्थेच्या ‘अछूत कन्या’नें १९३६ सालीं मोठें नांव मिळविलें होतें आणि देविकाराणी व अशोककुमार यांचें त्यांतलें युगुलगीत लोकांच्या ओठांवर होतें. शांतारामांचा रोख त्या रीतीवर आहे. लाडिक स्वर, कृत्रिम हावभाव, जगांत दुसरें कांहीं घडतच नाहीं असा आविर्भाव, हें सारें त्यांनीं किंचित् वाढवून, पण किंचितच वाढवून, समोर ठेवलें आहे.

येथें एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. ‘अछूत कन्या’ हें कांहीं हिणकस चित्र नव्हतें. ब्राह्मण तरुण आणि अस्पृश्य तरुणी यांच्या प्रेमाची कथा त्या काळांत पडद्यावर आणणें ही धैर्याचीच गोष्ट होती. शांतारामांनीं त्या कथेची थट्टा केलेली नाहीं. तिच्यांत शिरलेल्या आणि तिच्या मागून आलेल्या इतरांनीं गिरविलेल्या प्रेमाच्या एका छापील तऱ्हेची केली. शिवाय हा प्रसंग ‘माणूस’च्या कथेला चिकटविलेलें ठिगळ नाहीं. गणपत आणि मैना यांच्या प्रेमाच्या वांट्याला बागबगीचा नाहीं, युगुलगीत नाहीं. मैना गाते तें गिऱ्हाइकासाठीं; तिचें तें प्रसिद्ध गाणें अनेक भाषांतून फिरतें, कारण ऐकणारीं गिऱ्हाइकें अनेक प्रांतांचीं आहेत. अशा दोन जीवांच्या कथेंत तें गोडगुलाबी गीत येऊन गेलें म्हणजे प्रेक्षक आधीं हंसतो, आणि लगेच त्याच्या ध्यानांत येतें कीं, पडद्यावरच्या प्रेमाविषयींची आपली कल्पना या गीतानें घडविली असून खरें प्रेम मात्र या शिपायाच्या अवघडलेल्या मौनांत आहे. हंसून झाल्यावर मूळ वस्तूविषयीं कांहीं नवें कळणें, हीच आमच्या मतें विडंबनाची कसोटी होय. ‘अछूत कन्या’ न पाहिलेल्या आजच्या प्रेक्षकालाहि तो प्रसंग समजतो, कारण ती तऱ्हा मेली नाहीं. झाडें बदललीं, पुढें परदेशांतले बर्फाचे डोंगर आले, एवढेंच.

‘माणूस’च्या एकच वर्ष अगोदर हंस पिक्चर्सचा ‘ब्रह्मचारी’ (१९३८) आला. कथा-संवाद अत्र्यांचे, दिग्दर्शन मास्टर विनायकांचें आणि नायकहि तेच. ब्रह्मचर्यावरील एका व्याख्यानानें भारावून औदुंबर नांवाचा तरुण नट्यांचीं चित्रें फेंकून देतो, व्यायामाचीं साधनें जवळ करतो आणि ब्रह्मचर्याच्या प्रचारासाठीं चालविलेल्या एका संस्थेंत दाखल होतो. तेथें किशोरीचा, म्हणजे मीनाक्षी शिरोडकरांचा, प्रवेश झाल्यावर त्या व्रताचें काय होतें हें सांगावयास नकोच. पोहण्याच्या पोशाखांतील मीनाक्षीबाईंच्या गाण्यावर त्या काळीं गहजब उडाला आणि चित्राची कीर्ति पुढें पुष्कळशी त्या गाण्याभोंवतींच फिरत राहिली. तो या चित्रावर एक प्रकारें अन्यायच आहे. खरा विनोद त्याच्या पूर्वार्धांत आहे. तेथें अत्र्यांनीं ब्रह्मचर्याची नव्हे, तर घाऊक भावानें वांटल्या जाणाऱ्या ब्रह्मचर्याची खोडी काढली आहे. व्याख्यान, शपथ, दंडबैठका आणि घोषणा यांच्या जोरावर चार दिवसांत राष्ट्र तारूं पाहणाऱ्या उत्साहाचा आवेश, त्याची भाषा आणि त्याचा गणवेशी थाट त्यांनीं बारकाईनें टिपला आहे. विनायकांची किरकोळ देहयष्टि आणि चेहऱ्यावरचा निरागस निश्चय यांनीं त्यांत रंग भरला. उत्तरार्धांत मात्र चित्र ठराविक प्रेमकथेच्या आहारीं जातें. व्रत इतक्या सहज ढासळतें कीं, त्याच्याशीं झुंज झाल्याचें समाधान मिळत नाहीं. प्रतिपक्षाला दुबळा करून जिंकलेला सामना विडंबनाला शोभत नाहीं.

याच अत्र्यांनीं पुढें १९५३ सालीं ‘श्यामची आई’ काढला आणि त्याला राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळालें. पुष्कळांना या दोन गोष्टींत विसंगति वाटते. आम्हांला वाटत नाहीं. ज्याला भक्तिभाव म्हणजे काय तें आंतून ठाऊक आहे, त्यालाच भक्तीचा आव ओळखतां येतो. नुसत्या तुच्छतेंतून विडंबन निर्माण होत नाहीं. ज्याची थट्टा करावयाची त्या वस्तूच्या घरांत कांहीं दिवस राहून यावें लागतें.

हें ‘राहून येणें’ पाश्चात्त्य विडंबनकारांनीं किती गंभीरपणें मानलें आहे तें पाहण्यासारखें आहे. मेल ब्रुक्स यांनीं ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ (१९७४) काढला तेव्हां तो रंगीत न काढतां जुन्या भयपटांप्रमाणें कृष्णधवल काढला. इतकेंच नव्हे, तर १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’साठीं केनेथ स्ट्रिकफॅडेन यांनीं बनविलेलीं प्रयोगशाळेचीं उपकरणें मिळवून तींच पुन्हां मांडलीं. ‘एअरप्लेन!’ (१९८०) या चित्राचे तिघे कर्ते याहून पुढें गेले. ‘झीरो अवर!’ (१९५७) नांवाच्या एका गंभीर चित्राचे हक्कच त्यांनीं विकत घेतले. विमानांत अन्न बाधून वैमानिक आजारी पडतात आणि युद्धाच्या आठवणींनीं खचलेल्या एका माजी वैमानिकाला तें विमान उतरवावें लागतें, हें मूळचें कथानक त्यांनीं ठेवलें, कित्येक संवादहि ठेवले, आणि भूमिकांसाठीं विदूषक न निवडतां गंभीर भूमिकांबद्दल प्रसिद्ध असलेले नट निवडले. लेस्ली नील्सन यांचा डॉक्टर संबंध चित्रांत एकदांहि ‘मी विनोद करतों आहें’ असें सुचवीत नाहीं, आणि म्हणूनच हंसतां हंसतां पुरेवाट होते. उलट ‘माँटी पायथन अँड द होली ग्रेल’ (१९७५) च्या मंडळींजवळ घोडे घेण्याइतका पैसा नव्हता. तेव्हां आर्थर राजाच्या शिलेदारांनीं घोड्यावर बसल्याचा नुसता अभिनय करीत धांवावें आणि मागून सेवकानें नारळाच्या करवंट्या वाजवून टापांचा आवाज काढावा अशी युक्ति त्यांनीं योजिली. ऐतिहासिक चित्रपटांतल्या राजवैभवामागें किती करवंट्या वाजत असतात हें त्या एका दृश्यानें जगाला दाखविलें. ही हकीकत मराठी निर्मात्यांनीं विशेष मनन करण्याजोगी आहे. दारिद्र्य झांकूं गेलें तर चित्र केविलवाणें होतें. तेंच उघडपणें खेळांत घेतलें तर विडंबनाचें भांडवल होतें.

आपल्याकडे ही गोष्ट चित्रपटाआधीं नाटकानें ओळखली. गंगाराम गवाणकरांचें ‘वस्त्रहरण’ १९८० सालीं रंगभूमीवर आलें. कोंकणांतल्या एका खेड्यांत गांवकरी मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचें नाटक बसवितात, आणि कौरव-पांडवांच्या तोंडून मालवणी बोली, गांवकीचे मानपान आणि भाऊबंदकी बाहेर पडूं लागते. मच्छिंद्र कांबळी यांच्या तात्या सरपंचानें हें नाटक अजरामर केलें आणि त्याचे पांच हजारांहून अधिक प्रयोग झाले. त्यानंतर तीनच वर्षांनीं, १९८३ सालीं, कुंदन शहा यांचें ‘जाने भी दो यारों’ हें हिंदी चित्र मुंबईंत तयार झालें, आणि त्याचाहि कळस द्रौपदीवस्त्रहरणाच्या एका रंगप्रयोगांतच आहे. एकानें दुसऱ्याचें घेतलें असें आम्हांला सुचवावयाचें नाहीं. एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, विडंबनाला सर्वांना ठाऊक असलेली मूळ कथा लागते आणि आपल्या समाजांत महाभारताइतकी सर्वांना ठाऊक असलेली दुसरी कथा नाहीं.

‘जाने भी दो यारों’विषयीं थोडें विस्तारानें लिहिलें पाहिजे, कारण आपल्या देशांतील विडंबनपर चित्रांत आम्ही त्याला पहिलें स्थान देतों. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या पैशानें, सात लाखांच्या आंत, हें चित्र पुरें झालें. नसीरुद्दीन शहा आणि रवि बासवानी हे दोन भाबडे छायाचित्रकार. पंकज कपूर आणि ओम पुरी हे दोन प्रतिस्पर्धी इमारतव्यावसायिक. सतीश शहा हा त्या दोघांकडूनहि खाणारा महापालिका आयुक्त डिमेलो. आणि सत्याचा कैवार घेतल्याचा आव आणून त्याच सत्याचा सौदा करूं पाहणारी संपादिका म्हणजे आमच्या भक्ति बर्वे. ‘ती फुलराणी’ गाजविलेल्या या अभिनेत्रीचा इतका थंड आणि धारदार अभिनय पडद्यावर फार थोड्यांनीं पाहिला आहे. आयुक्ताचा खून होतो. बागेंत काढलेलें एक छायाचित्र मोठें करतां करतां त्या खुनाचा पत्ता लागतो. ही कल्पना इटालियन दिग्दर्शक अंतोनिओनी यांच्या ‘ब्लो-अप’ (१९६६) वरून घेतलेली आहे, आणि ती लपवावयाचें सोडून कर्त्यांनीं त्या बागेलाच ‘अंतोनिओनी पार्क’ असें नांव देऊन टाकलें. चोरी आणि विडंबन यांतला भेद या एका पाटीवर लिहिलेला आहे. चोर उगमस्थान पुसून टाकतो. विडंबनकार तें मोठ्या अक्षरांत रंगवितो.

कळसाच्या प्रवेशांत आयुक्ताचें प्रेत द्रौपदीच्या वेषांत रंगभूमीवर येऊन पडतें आणि त्याच्यासाठीं दोन्ही पक्षांची ओढाताण चालू होते. कोणी भीम होतो, कोणी दुर्योधन. मध्येंच सलीम-अनारकलीच्या नाटकांतलीं पात्रें शिरतात. आंधळ्या धृतराष्ट्राला काय चाललें आहे याचा शेवटपर्यंत उमज पडत नाहीं. वरवर पाहतां हा केवळ धुमाकूळ आहे. परंतु ‘विडंबन’ आणि ‘विटंबना’ यांच्या मधली जी भिंत आम्ही आरंभीं सांगितली तिचें दर्शन जितकें येथें घडतें तितकें दुसरीकडे कोठें घडत नाहीं. महाभारतांतील तो प्रसंग म्हणजे भरसभेंत एका स्त्रीची झालेली विटंबना. ‘वस्त्रहरण’ नाटकांत किंवा या चित्रांत प्रेक्षक द्रौपदीला हंसत नाहींत. हंसतात ते सभेला. चित्रांत तर द्रौपदीच्या जागीं भ्रष्टाचारानें फुगलेलें एक प्रेत आहे, आणि जो तो तें आपल्या बाजूला ओढतो आहे. जी राज्यसभा न्यायासाठीं भरावयाची ती कशासाठीं भरली आहे, हें याहून थोडक्यांत कोणी सांगितलेलें आम्हांला माहीत नाहीं. चित्राचा मध्यभाग प्रेताच्या धांवपळींत कांहीं ठिकाणीं रेंगाळतो हें खरें. परंतु शेवटीं सारे बडे लोक आपापसांत तडजोड करतात, निरपराध दोघे कैद्याच्या वेषांत मुंबईच्या रस्त्यावरून चालूं लागतात आणि आशावादी समूहगीताच्या सुरांवर आपल्याकडे पाहून गळा कापल्याची खूण करतात, तेव्हां हंसें घशांतच अडकतें. विडंबन तेथें त्या गीतापर्यंत येऊन पोहोंचलेलें असतें.

हें चित्र मुंबईच्या मध्यभागीं बसून पाहणें वेगळें आणि वज्रगडाच्या टेकडीच्या आश्रयानें वसलेल्या गिरीजसारख्या गांवांत बसून पाहणें वेगळें. मजले वाढविण्याचे परवाने, उद्घाटनानंतर कोसळणारा पूल, टाळूवरचें लोणी खाणारे अधिकारी, या गोष्टी वसईच्या माणसाला अतिशयोक्ति वाटत नाहींत. चित्र निघालें त्याच दशकाच्या अखेरीस वसई तालुक्यांतील गांवें आपल्या वाड्या, बागा आणि विहिरी वांचविण्यासाठीं एकत्र आलीं. हरित वसई संरक्षण समितीच्या त्या लढ्याचें नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं केलें, तेच दिब्रिटो पुढें २०२० च्या धाराशिव येथील साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. लढा झाला आणि इमारतीहि झाल्या. २००९ मध्यें वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली तोंपर्यंत रेल्वेच्या दोन्ही अंगांना सिमेंटचें रान माजलें होतें. अशा भूमींत राहणाऱ्या प्रेक्षकाला पंकज कपूरांचा तो मवाळ आवाजाचा इमारतव्यावसायिक नाटकी वाटत नाहीं; ओळखीचा वाटतो. विडंबन जुनें झालें नाहीं याचा आनंद मानावा कीं खेद, असा प्रश्न पडावा इतका ओळखीचा वाटतो.

मराठी चित्रपटानें मात्र या काळांत दुसरा मार्ग धरला. महेश कोठारे यांच्या चित्रांनीं १९८५ पासून पुढें दहा वर्षें मुलांना वेड लावलें. ‘धडाकेबाज’ (१९९०) मधला कवट्या महाकाळ, ‘झपाटलेला’ (१९९३) मधला तात्या विंचू, हीं नांवेंच पाहा. ‘शोले’ (१९७५) मधल्या गब्बरनें आणि ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) मधल्या मोगँबोनें हिंदी खलपुरुषाला जो डौल आणून दिला, तो मराठी नांवाच्या कातडींत भरतांच निम्मा गळून पडतो आणि हंसूं येतें. ‘झपाटलेला’ची कल्पना अमेरिकेच्या ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) वरून आलेली. परंतु तो भयाण बाहुला रामदास पाध्ये यांच्या हातांतून उतरला, दिलीप प्रभावळकरांचा आवाज त्याला मिळाला, आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या घाबरटपणासमोर तो उभा राहिला, तेव्हां परदेशी भयाचें चक्क देशी खेळणें झालें. तरीहि हीं चित्रें आम्ही अर्धीच विडंबनें मानतों. त्यांत करमणूक भरपूर, कारागिरी चोख. पण हंसून झाल्यावर भयपटाविषयीं किंवा खलपुरुषाविषयीं नवें असें कांहीं हातीं लागत नाहीं. जें मोठ्या खर्चाचें आहे तें आपणहि करून दाखवावें ही हौस त्यांत प्रबळ आहे. अनुकृति आहे, तिच्यांतली टीका दुर्बळ आहे.

ती टीका आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’ (२०२२) मध्यें कांहीं अंशीं परत आली. पाश्चात्त्य पडद्यावर चालत्या मुडद्यांचीं चित्रें उदंड झालीं आणि ‘शॉन ऑफ द डेड’ (२००४) सारख्या चित्रानें त्यांची यथेच्छ थट्टाहि केली. सरपोतदारांनीं ते मुडदे डोंबिवलींत आणले. नवी उंच इमारत, तिच्या शेजारची झोंपडपट्टी, आणि रोगाचें मूळ म्हणून पाणी, अशी त्यांनीं मांडणी केली. अमेय वाघ यांचा मध्यमवर्गीय नोकरदार नायक कर्ज काढून घर घेतो, आणि मग मुडद्यांशीं झगडूं लागतो. ज्याच्या घरीं पाण्याचा टँकर कधीं येणार याची वाट पाहण्यांत सकाळ जाते, त्याला या चित्रांतली भीति परदेशी वाटणार नाहीं. शेवटाकडे हें चित्र उपदेशाच्या वाटेला लागतें आणि नुसत्या मारामारीला बराच वेळ देतें. तथापि परक्या साच्याचा उपयोग आपल्याच वस्तीचें दुखणें दाखविण्यासाठीं करतां येतो, हें त्यानें सिद्ध केलें.

आतां त्या दुसऱ्या घराविषयीं. विडंबनाच्या नांवाखालीं दूरचित्रवाणीवर आणि पडद्यावर जें पुष्कळसें चालतें, त्याचा मोठा भाग स्त्रीवेष घेतलेल्या पुरुषाच्या चाळ्यांवर, जाड माणसाच्या जाडेपणावर, बोबड्याच्या बोबडेपणावर आणि खेडवळ किंवा आदिवासी बोलीच्या उच्चारांवर उभा असतो. आमच्या वसई भागांत कुपारी, वाडवळी, आगरी अशा बोली घरोघर बोलल्या जातात. त्यांपैकीं एखादी पडद्यावर आली तर ती बहुधा मोलकरणीच्या किंवा मूर्खाच्या तोंडीं येते. ‘वस्त्रहरणां’तहि बोलीचाच विनोद आहे असें यावर कोणी म्हणेल. पण तेथें मालवणी बोलणारा मनुष्य हंसविणारा आहे, हंसला जाणारा नव्हे. राजवाड्यांतली पुस्तकी मराठीच त्याच्या बोलीपुढें लटकी पडते. बोली तीच, हास्य तेंच, पण बाण सुटतो त्याची दिशा उलट आहे. ही दिशा पाहण्याची संवय प्रेक्षकांना लागली तर अर्धा कचरा आपोआप निघून जाईल.

दुसरें संकट याच्या उलट बाजूनें येतें. भावना दुखावल्याची हांकाटी आज इतक्या सहजपणें होते, कीं निर्माता मोठ्यांची थट्टा सोडून लहानांची करूं लागतो. लहानांच्या भावना दुखावल्या तरी त्यांचा मोर्चा निघत नाहीं. म्हणजे विडंबनाला मज्जाव केला कीं विनोद थांबत नाहीं. तो विटंबनेच्या घरीं राहावयास जातो. ज्यांना संस्कृतीची काळजी आहे त्यांनीं या परिणामाचा विचार अवश्य करावा. ‘ब्रह्मचारी’वर १९३८ सालींहि टीका झाली होती, त्यानें ब्रह्मचर्याचें कांहीं बिघडलें नाहीं. पौराणिक कथेचें हजारों वेळां विडंबन होऊनहि महाभारत जागच्या जागीं आहे. थट्टेनें मोडतें तें आधींच पोकळ असतें.

तेव्हां कुटुंबांत बसून पाहावयाचीं विडंबनपर चित्रें निवडतांना आमची सूचना एवढीच कीं, शक्य तेथें मूळ वस्तु आधीं पाहावी. मुलांना ‘अछूत कन्या’तलें तें एक गाणें दाखवून मग ‘माणूस’ दाखवावा. जुना ‘फ्रँकेन्स्टाइन’ आणि ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ लागोपाठ पाहावे. ‘जाने भी दो यारों’ दाखविण्यापूर्वीं सभापर्वांतली द्यूताची कथा घरांतल्या वडील माणसानें सांगावी. ती ऐकून झाल्यावर धृतराष्ट्राचा तो भांबावलेला चेहरा दुप्पट हंसवील आणि चौपट बोंचेल. मराठी निर्मात्यांकडे मागणें आहे तें मोठ्या खर्चाच्या अनुकरणाचें नव्हे. आपल्या आजूबाजूला आज इतका आवेश, इतका डौल आणि इतकीं उद्घाटनें चालू आहेत, कीं विडंबनकाराला विषयांची वाण पडण्याचें कारण नाहीं. त्याला हवी आहे ती मूळ वस्तूच्या घरीं राहून येण्याची चिकाटी, आणि बाण वरच्या बाजूला सोडण्याची छाती. हीं दोन्ही भांडवलें बँकेंतून मिळत नाहींत. पण १९३९ मध्यें तीं आपल्यापाशीं होतीं, ही गोष्ट विसरतां येत नाहीं.